गलबतातून कोण उतरणार?

आगरदांडा

पुण्याहून बोर्ली पंचतनला जायचं तर ताम्हिणी उतरायचा, माणगाव आणि म्हसळा मागे टाकायचं, की आलंच. हे मला शेजाऱ्यांपासून पेट्रोल पंपावरच्या माणसापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. मी मात्र अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याच्या धक्क्यावर येऊन उभा राहिलो होतो. एक तर माझी सासुरवाडी अलिबागला. बायकोमुलांना तिथं सोडलं की पुढचे दोन-तीन दिवस मी कॉमिक्सबद्दल कितीही बडबडलो तरी समोर डोळे फिरवणारं कुणी नसतं. आणि दुसरं म्हणजे सारंगच्या गावाला जायचं तर पाण्यावरूनच जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

सारंग कोण ते सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना तो माहीत नसणार आणि उरलेल्यांना माझ्याइतकंच वेड असणार. माझ्या शाळेच्या दिवसांत मुलांच्या एका मासिकात ‘अंतराळातला सारंग’ ही चित्रकथा यायची. होडीचं सुकाणू धरणाऱ्याला कोकणात सारंग म्हणतात. हा सारंग अवकाशयान चालवायचा आणि त्या यानाचं नाव होतं गलबत. बरोबर चौघं: इंजिन सांभाळणारी फरीदा, दुर्बीण घेऊन फिरणारे म्हातारे नाना, खटका नावाचा यंत्रमानव आणि कुठल्याशा ग्रहावरून उचलून आणलेला गुलगुल, जो नेमका कोणता प्राणी होता हे कधीच कळलं नाही. परदेशी नायकांसारखे यांचे दंड फुगलेले नव्हते. सारंगचं पोट जरा सुटलेलंच होतं. म्हणून तर तो आम्हाला घरचा वाटायचा.

शेवटच्या अंकात गलबत एका परक्या ग्रहावरच्या खाडीत, चिखलात रुतलं. वजन जास्त, इंजिन तापलेलं. सारंग म्हणाला, ‘आपल्यातल्या एकाला इथं उतरावं लागेल.’ खाली लिहिलं होतं ‘क्रमशः’. आणि मासिक बंद पडलं.

झालं. तीसेक वर्षं आम्ही भांडतोय, कोण उतरलं असेल. मी बँकेत नोकरी करतो आणि रविवारी कॉमिक्स, विज्ञानकथांतले नायक, गेम बनवणारी मंडळी यांच्यावर एक पॉडकास्ट करतो. ऐकणारे थोडे, पण भांडकुदळ. कुणी म्हणतं खटका उतरणार, यंत्राला काय होतंय. कुणी म्हणतं नाना, त्यांचं वय झालं. मी एक अख्खा भाग खर्ची घालून सिद्ध केलं होतं की स्वतः सारंगच उतरणार, कारण नायक म्हटला की त्याग आला. तो भाग फार गाजला. म्हणजे माझ्या मानाने गाजला.

खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी उलटी चढवायची असते हे मला माहीत नव्हतं. मी पुढून घातली. मग सगळी रांग मला दिशा द्यायला पुढे आली, डावीकडे म्हणणारे तिघं आणि उजवीकडे म्हणणारे चौघं. शेवटी तिकीटवाल्याने मला उतरवलं आणि स्वतः गाडी लावली. मग माझ्या अंगातल्या शर्टाकडे बघत राहिला. त्यावर सारंगचं चित्र मी हौसेने छापून घेतलं होतं.

“ह्यो कुनाचा उमेदवार हाय?” त्याने विचारलं.

“उमेदवार नाही, अंतराळवीर आहे,” मी म्हणालो.

“बरं हाय,” तो म्हणाला आणि दोर सोडायला गेला.

बोर्ली पंचतन

मला इथं बोलावणारी होती सायली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. बाजारात नारळांच्या ढिगाशेजारी स्कूटर लावून उभी होती आणि पहिल्याच वाक्यात तिने मला ‘काका’ म्हटलं, ते मी सोडून दिलं. न्हावा शेव्याकडे एका मालवाहतुकीच्या कचेरीत ती कॉम्प्युटरवर कंटेनरचा माग काढायचं काम करायची. नोकरी सोडून घरी आली आणि सारंगवर गेम बनवायला बसली. वाडवडिलांची सुपारीची वाडी, त्यात कौलारू घर आणि घराच्या माडीवर हिचं अवकाश.

आधी खाणं झालं. तिच्या आईने घावणे केले होते आणि बरोबर नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस. पुण्यात कुणाकडे कामाला गेलं की काम आधी, चहा नंतर, आणि तोही आठवला तर. इथं चौथा घावणा पानात पडेपर्यंत मी कशाला आलोय हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पाणी कसं काय होतं फेरीला, एवढंच विचारलं.

मग माडीवर गेलो. गेम फार देखणा होता, खरंच सांगतो. गेली कित्येक वर्षं मी जे गेम खेळतोय त्यांत बहुतेकांना घाईच फार. कोपऱ्यात घड्याळ पळतंय, मागून कुणीतरी गोळ्या झाडतंय, आणि बनवणारा मनात म्हणतोय की बघू कसा सुटतोस. सायलीच्या गेममध्ये बंदूकच नव्हती. ग्रहाग्रहांवर जायचं, लोकांशी बोलायचं, इकडचं सामान तिकडे न्यायचं. गलबताच्या इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून विचारलं तर म्हणाली, “हमारा पंप है वो. विहिरीवरचा. आणि खटका चालतो ना, तो आवाज म्हणजे आई सुपारी फोडतेय.”

मी खेळत खेळत शेवटाला पोचलो. चिखलाची खाडी, रुतलेलं गलबत आणि मागे आभाळात मूळ चित्रात होते तसे दोन चंद्र. पडद्यावर पाच चेहरे. ज्याच्यावर बोट ठेवाल तो उतरणार. माझा हात सारंगवर गेला. पडदा कोरा.

“पुढे काही नाहीच काका. कुणावर पण दाबा, कोरंच येणार,” सायली म्हणाली. “सरांना प्रॉमिस केलंय, तुम्ही सांगाल तोच एंड. आणि सर सांगतच नाहीत. वर्ष झालं. जाते, चहा पिते, विषय काढते, ते म्हणतात बघू.”

सर म्हणजे तांबे सर, सारंगचे जनक, सायलीचे शाळेतले, आता निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. राहायला दिघीला. महिनाअखेरीला बंगळुरूत नव्या गेमचं एक प्रदर्शन होतं, सायलीचा गेम तिथं निवडला गेला होता आणि या आठवड्यात पुरा करून पाठवायचा होता. शेवटाशिवाय ते घेणार नव्हते.

“आणि नाही झालं तर?” मी विचारलं.

“तर परत कंटेनर. पप्पांनी तेवढीच मुदत दिलीय.” ती हसत म्हणाली, पण चार्जरची वायर उगाच गुंडाळत राहिली. “सर तुमचा पॉडकास्ट ऐकतात काका. तुम्ही विचारलंत तर सांगतील. म्हणून तर बोलावलं ना.”

मी तिला म्हटलं काळजी करू नकोस. मनात मात्र माझाच स्वार्थ होता. सरांकडे शेवटची पानं काढून ठेवलेली असणार, ट्रंकेत वगैरे, आणि ती जगात सगळ्यात आधी मी बघणार.

दिघी

सरांचं घर खाडीच्या वरच्या अंगाला, उतारावर. ओटीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली आरामखुर्ची आणि समोर सगळी खाडी. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले असतील. सर उंच, सडसडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माझा शर्ट बघून म्हणाले, “नाक चुकलंय.” ज्या माणसाने आपलं लहानपण रंगवलं तो समोर बसलाय आणि आपल्याला एक वाक्य सुचत नाही, असं माझं झालं.

काकू, म्हणजे सरांची बायको, निवृत्त नर्स. नोकरी पलीकडे मुरूडच्या बाजूला होती. जन्मभर रोज ही खाडी ओलांडली. त्या पायरीवर बसून मांदेली साफ करत होत्या आणि आमच्याकडे त्यांचं अर्धंच लक्ष होतं.

मी घसा साफ केला. आपली पिढी, आपलं कुतूहल, आपल्या भाषेतला नायक, असं बरंच काही बोललो. सर ऐकत होते. मग म्हणाले, “तुमचा तो भाग ऐकला मी. चांगला होता. सारंग उतरणार.”

“म्हणजे बरोबर होतं ना सर?”

“माहीत नाही.”

“सर, तुम्हाला माहीत नाही?”

“शेवट नाहीच आहे हो,” सर म्हणाले. “पानं नाहीत, ट्रंक नाही. मासिक बंद पडल्याचं पत्र आलं तेव्हा मी सुटलो. पुढचा भाग द्यायची तारीख जवळ आली होती आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.”

तीसेक वर्षं ज्याच्यावर घसा कोरडा केला ते मुळात नव्हतंच.

“कुणाला तरी उतरवायचं की सर,” मी तरी रेटलं. “कथेत असं करावं लागतं. त्याशिवाय नायक मोठा कसा होणार?”

सरांनी चष्मा काढून धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसला. आवाज न चढवता म्हणाले, “माझा बाप याच खाडीतून पलीकडे मजुरीला जायचा. तेव्हा होडी असायची. ओहोटीला होडी रुतली की वजन कमी करायचं, कुणीतरी उतरायचं. कोण, हे विचारावं लागायचं नाही. ठरलेलं असायचं. आमच्या वाडीतला जो असेल तो. बाबा कमरेएवढ्या चिखलातून काठापर्यंत चालत यायचे आणि होडी पुढे जायची. मी लहान होतो, काठावर उभा राहून बघायचो. ते वाक्य मी सारंगच्या तोंडी घातलं आणि मग मला पुढचं पान काढवेना. नाना म्हणजे माझे बाबाच आहेत. फरीदा या दिघीचीच, वर्गात माझ्या शेजारी बसायची. यातल्या कुणाला उतरवू?”

त्यागावरचं माझं सगळं भाषण मला आठवत होतं आणि त्यातलं एकही वाक्य या ओटीवर म्हणण्यासारखं नव्हतं. मला सरांबद्दल फार वाटलं आणि त्या चालत येणाऱ्या माणसाबद्दल त्याहून जास्त.

सर सायलीला म्हणाले, “तुझं नुकसान नको. तुला जो उतरवायचा तो उतरव. फक्त माझं नाव काढून टाक.”

“नाव काढून कसं चालेल सर?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दिसू नये म्हणून ती लॅपटॉपच्या पिशवीची चेन उघडझाप करत होती.

ही ओढाताण काकूंना बघवली नसावी. हात धुऊन पदराला पुसत त्या आल्या. “पोर वर्षभर येतंय, ह्यांनी खेळ बघितला न्हाय तो न्हाय, मलाबी कुनी दाखवला न्हाय. आण बघू काय केलंयस.”

सायलीने नाक पुसलं, लॅपटॉप पाटावर ठेवला आणि पाट काकूंपुढे सरकवला. आधीचं सगळं खेळायला वेळ लागला असता म्हणून तिने एकदम शेवटची खाडीच उघडून दिली. काकूंनी चष्मा लावला. गलबत बघितलं, चिखल बघितला. खटका चालला तसं म्हणाल्या, “ह्यो सुपारीचा आवाज.” मग पाच चेहरे आले. सायलीने सांगितलं, “काकू, आता यातला एक उतरवायचा. बोट ठेवा.”

काकूंनी पाट बाजूला सारला आणि पुन्हा मांदेली घेऊन बसल्या.

आम्ही वाट बघितली. मला वाटलं कुठे दाबायचं ते कळत नसेल. सायलीला वाटलं कंटाळल्या. थोड्या वेळाने काकूंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आलं का पानी?”

“कसलं पाणी काकू?”

“भरतीचं. ओहोटी हाय म्हनून रुतलंय न्हवं? थांबायचं की. मी काय कमी रुतले ह्या खाडीत? लाँच बसली की डबा काढायचा, खायचं, पानी आलं की आपसूक उचलते. उतरतंय कशाला कुनी?”

सायली हसायला लागली. “काकू, गेम आहे हो तो. त्यात भरती नाहीये. मी केलेलीच नाही.”

“न्हाय कशी? वर दोन-दोन चंद्र काढलेत की.”

सायलीचं हसू थांबलं. मी पडद्याकडे बघितलं. दोन चंद्र. शेवटच्या अंकातल्या मूळ चित्रातही होते. त्या चंद्रांवर मी वेगळा भाग केला होता, रंगसंगती या विषयावर. समुद्र होता, चंद्र होते, आणि आम्ही शहाणे वजनाचा हिशेब करत कुणाला खाली ढकलायचं ते ठरवत होतो. सर आरामखुर्चीतून उठून पडद्यापाशी आले आणि वाकून बघत राहिले.

“हे मी शोभेसाठी काढले होते,” ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. “अगं, पण इंजिन तापलंय ना.”

“मग थंड होईल की तवर,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला घाई कसली?”

सर हसले. आधी नुसते ओठांत, मग खुर्चीचा हात धरून, पार ठसका लागेपर्यंत. काकूंनी पाणी आणून दिलं आणि आपल्या हाताला माशांचा वास येतोय म्हणून तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायला सांगितलं.

जेवायला मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. पुण्यात आम्ही ज्या गुलाबी पाण्याला सोलकढी म्हणतो त्याबद्दल मी यापुढे बोलणार नाही. सायली एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने टिपत काकूंना विचारत होती: पाणी आधी कुठून भरतं, चिखलाचा रंग कसा बदलतो, होडी एकदम उचलते की हळूहळू. काकू म्हणाल्या, “आधी बुडाखाली गुदगुल्या होतात.” ते तिने तसंच्या तसं टिपून घेतलं. सर भाकरी तशीच ठेवून मध्येच उठले आणि आत पेन्सिली शोधायला गेले.

पुन्हा दिघी, धक्क्यावर

दोन दिवस मी माडीवर सायलीच्या मागे बसून होतो. तिने त्या खाडीत पाणी आणलं. शेवटाला आलं की पाच चेहरे अजूनही येतात, बोट ठेवलं तर तो माणूस खरंच उतरतो आणि गलबत एक जागा रिकामी घेऊन निघून जातं. ते बघायला बरं वाटत नाही. पण कशालाच हात लावला नाही, नुसतं बसून राहिलं, तर चिखल आधी काळा पडतो, मग चकाकतो, नाना डबा उघडतात, फरीदा गुलगुलला भरवते, आणि बऱ्याच वेळाने पडदा किंचित हलतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला धीर धरवला नाही, बोट शिवशिवलं. सायलीने माझ्या हातावर चापट मारली. मग आलं पाणी.

निघायच्या दिवशी सर आणि काकू मला सोडायला धक्क्यावर आले. सायली स्कूटरवरून आली, गेम पाठवून. आणि फेरी हलेना. पाणी फार उतरलं होतं, गाड्या चढवायची फळी धक्क्याच्या उंचीला येत नव्हती. पुण्यात अशा वेळी मी आतापर्यंत तीन जणांशी भांडलो असतो. इथं कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एका कुटुंबाने शेंगा सोलायला घेतल्या. तोच तो तिकीटवाला माझ्या शर्टाकडे बोट दाखवून म्हणाला, “तुमच्या उमेदवाराला पन थांबाय लागलं.”

सर कठड्यावर बसले आणि पिशवीतून कागद काढला. एक पान अर्ध्याहून जास्त झालेलं होतं. थांबायचंच होतं, तर त्यांनी तिथंच पुरं करायला घेतलं. मी शेजारी उभा. जो हात मी लहानपणी फक्त छापलेल्या रेघांतून पाहिला होता तो आता माझ्यासमोर चालत होता आणि रेघ सरळ येत होती. गलबत पाण्यावर. टपावर पाच जण पाय सोडून बसलेले. नानांचे पाय कोरडे होते, ते सरांनी दोनदा नीट केले. कडेला सहावीही कुणी होती, पदर खोचलेली, मासे साफ करणारी.

“ही कोण?” काकूंनी विचारलं.

“नवीन भरती आहे,” सर म्हणाले.

“नाक चुकलंय,” काकू म्हणाल्या.

पाणी चढत होतं. रांगेतल्या गाड्या सुरू झाल्या. सरांनी पान पुरं केलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं ते दर महिन्याला ‘क्रमशः’ लिहायचे, तिथं पेन टेकवलं. टेकवूनच ठेवलं. मग कागद माझ्यापुढे केला.

“तुम्ही लिहा. माझ्याच्याने होत नाही.”

मी नको म्हणालो. सायली म्हणाली, “लिहा ना काका, फेरी सुटेल.” मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. इतकी वर्षं हा एकच शब्द मागत होतो आणि आता तो माझ्याच हातात होता तर मला रडू येत होतं. मी ‘समाप्त’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ‘त’ तर पार घसरला.

सरांनी कागद उचलला, लांब धरून बघितला. “राहू द्या,” म्हणाले. “गाडी उलटी घाला आता.”